पद्मजा कर्णिक नाव घेते

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या मिठाईच्या दुकानात पद्मजा कर्णिक कायम लाडू घ्यायची. घरात लाडू कुणालाच आवडत नव्हते. नवऱ्याचा जीव पेढ्यांवर, मुलगीही पेढा म्हटलं की उड्या मारणारी. पण काचेमागचा माणूस "हां बहेनजी, क्या दूं?" म्हणून मान वर करायचा, आणि पद्मजाचे ओठ 'पे'वर मिटायचे ते मिटायचेच. आत हवा कोंडायची, मान एका बाजूला ओढली जायची, मागची रांग चुळबुळ करायची. मग ती पटकन म्हणायची, "लाडू." घरी आल्यावर नवरा डबा उघडून म्हणायचा, "अरे वा, लाडू!" आणि गुमान एक खायचा.

बोलताना शब्द अडणाऱ्या माणसाला ठेवायला आपल्याकडे नावं किती! तोतरा, बोबडा, चाचऱ्या, त-त-प-प. नावं ठेवायला सगळ्यांना वेळ आहे. त्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प उभं राहायला मात्र कुणाला फुरसत नाही.

सांगलीला माहेरी ती अलका होती. तिथे जिभेवर वेखंड उगाळून झालं, मध चाटवून झाला, शनिवारी मारुतीला तेल घालून झालं. शाळेत बाई धडा वाचायला उभं करत आणि वर्ग आधीच तोंडावर हात धरून तयार बसे. कशाचाच गुण आला नाही तेव्हा आईने सोपा इलाज काढला: अलकाच्या वतीने आपणच बोलायचं. पाहुण्यांनी विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" की आई आतून, "अलका हो!" पुढे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातही तेच. शिकागोहून रजेवर आलेल्या इंजिनियर मुलाने विचारलं, "वाचनाची आवड आहे का?" आई म्हणाली, "खूप. पण बोलते कमी. आमची अलका पहिल्यापासून शांत." मुलाला शांत मुलगी आवडली. त्याचं नाव प्रताप. म्हणजे आता जन्मभर 'प'शी गाठ.

तिला एक आशा होती. लग्नात नाव बदलतात, तेव्हा एखादं सोपं नाव मिळेल. सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं: पद्मजा. प्रताप-पद्मजा, जोडी कशी जमली म्हणून बायका खूश. "वाच गं मोठ्याने," सासू म्हणाली. ती रडायला लागली. आई लगबगीने म्हणाली, "पोरी रडतातच हो," आणि नाव तिनेच वाचून दाखवलं.

अमेरिकेत तिला पहिल्यांदा बरं वाटलं. इथे तिचं बोलणं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ न देण्यात ती पटाईत झाली. ओळख करून देताना 'मिसेस कर्णिक' म्हणायची, लोकांना वाटायचं बाई फार रीतीच्या. फोन वाजला की हात पिठात असायचे. गाडी चालवायला मात्र चटकन शिकली, कारण गाडीत कुणाशी बोलावं लागत नाही. कठीण शब्द समोर आला की त्याला वळसा घालून ती दुसऱ्या गल्लीतून निघायची. आणि नवऱ्याचं नाव? ते ती घेतच नसे. 'हे', 'आमच्याकडे', 'सुलेखाचे बाबा'.

इथेच आपल्या बायकांची गंमत. महाराष्ट्र मंडळाच्या बाकी सगळ्या जणी नवऱ्याला सरळ नावाने हाका मारणाऱ्या. डॉक्टर गिरीश यांच्या कांचनताई तर जिन्यातून ओरडायच्या, "गिरीश, कचरा टाकलास का?" त्याच कांचनताई चारचौघींत सांगायच्या, "बघा, इतकी वर्षं अमेरिकेत राहून पद्मजा नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. याला म्हणतात संस्कार!" पद्मजा मान खाली घालायची. ती मान खाली गेली की संस्कारांवर आणखी एक शिक्का.

हळदीकुंकवाला उखाणा आला की मग तर कमालच. ती दोन ओळी घडघड म्हणायची आणि नाव यायच्या जागी थांबायची. ओठ मिटलेले, डोळे खाली. बायका एका सुरात ओरडायच्या, "प्रतापराव!" हशा, टाळ्या. "लाजली गं लाजली!" दर वर्षी. पद्मजाही हसायची, आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसायची. इतक्या जणींना आपण फसवतो, नवऱ्याला तर लग्नापासून फसवतो, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

सुलेखा चार वर्षांची असताना एक दिवस खेळता खेळता म्हणाली, "म-म-ममी." पद्मजाच्या हातातला डाव खाली पडला. त्या दिवसापासून ती पोरीच्या तोंडाकडे चोरासारखी बघायला लागली. "सावकाश बोल. श्वास घे. परत म्हण." सांगलीच्या घरातलं एक एक वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडत होतं. सुलेखा शाळेत जायला लागली तोवर तिला स्वतःचं नावही जड झालं. हजेरीला 'स'वर घसरगुंडी सुरू व्हायची ती थांबायची नाही.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात शाळेतल्या स्पीच थेरपिस्ट मिसेस नोव्हाक यांनी आईवडिलांना बोलावलं. बुटक्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या बाई. त्यांनी कागद वगैरे काही काढले नाहीत, सरळ विचारलं, "घरात आणखी कुणी अडखळतं का? आई, वडील, आजी, कुणीही? हे पुष्कळदा घराण्यात असतं, म्हणून विचारते."

प्रताप शेजारच्या खुर्चीत होता. त्याने टायची गाठ चाचपली.

"नो," पद्मजा म्हणाली.

इतका स्वच्छ, गुळगुळीत शब्द तिच्या तोंडून कित्येक वर्षांत निघाला नसेल. प्रतापनेही मान हलवली, नो. मिसेस नोव्हाक म्हणाल्या, ठीक आहे, मग आठवड्यातून काही वेळ मी तिच्याबरोबर बसेन. आणि घरी एक पाळा: तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.

पण संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. अमेरिकेत संक्रांत कधीही असो, हळदीकुंकू शनिवारीच. कांचनताईंच्या दाराशी स्नोबुटांचा ढीग, आत पैठणीवर स्वेटर चढवलेल्या बायका, तिळगुळाची ताटं. पोरं तळघरात धुडगूस घालत होती. सुलेखा पाणी प्यायला वर आली आणि नव्याने आलेल्या विनीताने तिला धरलं. "किती गोड आहे गं! नाव काय तुझं?"

"स्..." सुलेखाने तोंड उघडलं. "स्-स्-स्..."

खोलीतली कुजबुज थांबली. एकीच्या हातातली वाटी तशीच राहिली. पद्मजाला वाटलं, आपली पैठणी कुणी सगळ्यांसमोर फेडतंय.

"सुलेखा!" ती म्हणाली. घाईघाईने, आतून ओरडणाऱ्या आईच्या आवाजात.

पोरीचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिने ते मिटलं.

"अगंबाई, तोतरी आहे की काय?" कोपऱ्यातून एकीने विचारलं. तिळगूळ वाटता वाटता कांचनताई म्हणाल्या, "काहीतरीच! लाजते ती. आईवर गेलीय." सगळ्या हसल्या. पद्मजाही हसली. हसली! सख्ख्या पोरीला तोतरी म्हटलं आणि आई तिळगूळ चघळत हसली. त्यानंतर तिच्यावर उखाण्याची पाळी आली, आणि नावाच्या जागी बायका ओरडल्या, "प्रतापराव!"

परत येताना गाडीत सुलेखा मागच्या सीटवर खिडकीला नाक लावून बसली होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "आय वॉज गोइंग टू से इट, मॉमी."

"काय बेटा?"

"म-माय नेम. आय वॉज गेटिंग देअर."

पद्मजाने वायपर चालू केले. बर्फ पडत नव्हतं.

सुलेखाने बोलणंच टाकलं. हो-नाही मानेने, हवं ते बोट दाखवून. शाळेत पुस्तक वाचायची पाळी आली की ही पोटात दुखतं म्हणून नर्सकडे. मिसेस नोव्हाकने फोन केला तो पद्मजाने नेहमीसारखा उचलला नाही, आणि फोनला जोडलेल्या यंत्रावर निरोप ऐकला: सुलेखा माझ्याशीही बोलत नाही, आपण भेटू या. प्रताप कामावर होता, त्याला पाठवता आलं असतं. तिने कोट चढवला आणि गाडी काढली.

मिसेस नोव्हाक मुलांच्या छोट्या खुर्चीत बसून सफरचंद खात होत्या. पद्मजा समोरच्या तितक्याच छोट्या खुर्चीत बसली, गुडघे हनुवटीपाशी.

"त्या दिवशी मी खोटं बोलले," ती इंग्रजीत म्हणाली. एवढं सरळ आलं. पुढचा शब्द आला नाही. ओठ मिटले, मान ओढली गेली, डोळे आपसूक बंद झाले. तिने वाट पाहिली, की आता ही बाई शब्द सुचवेल, खोकेल, घड्याळ बघेल, हळूच पाण्याचा पेला पुढे करेल. काही झालं नाही. तिने डोळे उघडले तर बाई तशीच बसलेली, अर्धं सफरचंद हातात, नजर पद्मजाच्या चेहऱ्यावर. दया नाही, घाई नाही. बस स्टॉपवर माणूस बसची वाट बघतो तशी.

"मी पण," शेवटी बाहेर आलं. "लहानपणापासून."

मग ती रडली, आणि मग विचारलं ते जे इतकी वर्षं मनात कुजत होतं. "माझ्यामुळे झालं ना? माझं ऐकून? मी तिला भीती घातली म्हणून?"

मिसेस नोव्हाक चक्क चिडल्या. म्हणाल्या, आयांच्या डोक्यात हे कुणी भरलं असेल त्याला माझ्याकडे पाठवा. भित्रेपणामुळे हे होत नाही, आईच्या वळणामुळे नाही, आणि अक्कल कमी म्हणून तर मुळीच नाही. काही माणसांचं बोलणं असंच घडतं. ते पूर्ण जाईल असं वचन मी कुणालाही देत नाही. "पण तुम्हाला बघून ती एक गोष्ट शिकतेय. हे लपवायचं असतं, ही. ती गोष्ट मी इथे बसून पुसू शकत नाही."

संध्याकाळी प्रताप आमटीत भात कालवत असताना पद्मजाने सांगून टाकलं. अडखळत, एक शब्दही न बदलता. त्याने घास खाली ठेवला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तांदळातलं नाव तुझ्याऐवजी तुझ्या आईने वाचलं ना, तेव्हापासून. खात्री इथे आल्यावर पटली. मी पेढे आण म्हणायचो आणि तू लाडू आणायचीस."

पद्मजाला वाटलं, जमीन दुभंगावी. "मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, मी विषय काढला तर तुला वाटेल की मला खटकतं."

"खटकत होतं?"

प्रतापने ताटाच्या कडेचं शीत बोटाने आत ओढलं. खोटं बोलला असता तर चाललं असतं. "ऑफिसच्या पार्ट्यांना कधीकधी वाटायचं," तो म्हणाला, "की आज हिने जास्त बोलू नये."

ती ताट उचलून उठली. इतकी वर्षं ती जे झाकत होती ते याने बघितलेलं होतं, आणि तोही वरून आपलं पांघरूण घालत होता. शाळेत त्या छोट्या खुर्च्यांवर दोघं शेजारी बसून खोटं बोलले, एकाच वेळी, एकमेकांना न विचारता. तिला राग आला. त्याचा, स्वतःचा, सांगलीच्या आईचा. रागात ती तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. त्याचाही उपयोग झाला नाही, कारण तिचं न बोलणं त्या घरात कुणाला वेगळं वाटत नसे.

मिसेस नोव्हाकने एका गटाचा पत्ता दिला होता. बोलताना अडणारी माणसं एका चर्चच्या हॉलमध्ये जमायची. डॉक्टर नाही, मास्तर नाही, आपलीआपणच. पद्मजा दोनदा दारापर्यंत जाऊन परतली. तिसऱ्यांदा आत गेली. गोल मांडलेल्या लोखंडी खुर्च्या, कॉफीचा मोठा थर्मास, बहुतेक पुरुष. रिवाज एकच: प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं. शहर बसचा एक धिप्पाड काळा ड्रायव्हर लेरॉय, त्याचा 'ल' इतका लांबला की पद्मजाला पळून जावंसं वाटलं. कुणी हललं नाही. त्याचं नाव पुरं झालं, त्याने कॉफीचा घोट घेतला आणि शेजारणीकडे बघितलं. बसमध्ये स्टॉपची नावं हाच माणूस पुकारायचा, दिवसभर, भरलेल्या बसमध्ये. लोक हसतात का, तिने नंतर विचारलं. "काही हसतात," तो म्हणाला. "पण त्यांनाही उतरायचं असतंच."

तिच्या पाळीला ती 'मिसेस कर्णिक' म्हणणार होती. म्हणाली नाही. तांदळात लिहिलेलं ते नाव तिने पहिल्यांदा स्वतः वाचलं. फार वेळ लागला.

पण चर्चच्या हॉलमध्ये नाव सांगणं वेगळं, आणि घरी तोंड उघडणं वेगळं. सुलेखा अजून गप्पच होती. पद्मजा रोज ठरवायची, आज हिला सांगायचं. आणि रोज वेणी घालून, डबा देऊन, बसपर्यंत सोडून परत यायची. परक्यांसमोर शरम एकदा जाते. पोटच्या पोरीसमोर ती दाराआड उभी राहते.

चैत्रातलं हळदीकुंकू त्या वर्षी पद्मजाकडे होतं. शिकागोत एप्रिलला कैरी कुठली? हिरव्या आंबट सफरचंदांची आंबेडाळ आणि त्यांचंच पन्हं. अंगणाच्या कडेला काळपट बर्फाचे शेवटचे ढिगारे. बायका आल्या, अत्तर, हरभरे, गौरीची आरास झाली. सुलेखा जिन्याच्या मधल्या पायरीवर कठड्याच्या गजांतून बघत बसली होती. खाली येत नव्हती.

"चला, उखाणे!" कांचनताईंनी टाळी वाजवली. "आधी यजमानीण. आमची लाजाळू!"

पद्मजाच्या हातात पन्ह्याची किटली होती. ती खाली ठेवायला हवी हे तिला सुचलं नाही. तिने म्हटलं,

"बर्फ वितळलं अंगणात, झाडं झाली हिरवी..."

आणि पुढची ओळ सुरू होण्याआधी ओठ मिटले. नेहमीची जागा. बायका नेहमीप्रमाणे श्वास घेऊन तयारच होत्या.

"प्रतापराव!" हशा. टाळ्या.

"थांबा," पद्मजा म्हणाली.

टाळ्या एकेक करत विझल्या.

"मी म्हणते. मला म्हणू द्या."

ती पुन्हा सुरुवातीपासून गेली. त्याच जागी ओठ पुन्हा मिटले. या वेळी तिने मान खाली घातली नाही, डोळेही मिटले नाहीत. त्यामुळे झालं काय, की सगळ्यांना सगळं दिसलं. ओढली गेलेली मान, थरथरणारी हनुवटी, कानापर्यंत चढलेलं रक्त. विनीताने घाईने आपल्या बांगड्या मोजायला घेतल्या. कांचनताई ग्लासात बघत राहिल्या. एकीने "अगं..." म्हणून पुढे हात केला आणि दुसरीने तिला गप्प केलं. पद्मजाला वाटलं आत्ता इथे मरावं. किटली कलली आणि पन्हं गालिच्यावर ओघळलं.

"प्-प्-प्-प्रतापरावांची गाडी मी शिकागोत फिरवी."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणाला कळेना, हा उखाणा झाला की आणखी काही.

"अगं पद्मजा, तुला..." कांचनताई म्हणाल्या आणि थांबल्या.

"हो," ती म्हणाली. "लाजत नव्हते मी कधी. बोलता येत नव्हतं." आणि फडकं आणायला ती स्वयंपाकघरात निघून गेली, कारण तिथे आणखी एक क्षण उभं राहणं तिच्याने होत नव्हतं. बाहेर बायकांचे आवाज दबके झाले. कशाबद्दल, ते ऐकायची गरज नव्हती.

ओट्याला टेकून ती उभी होती, तर दारात सुलेखा.

"यू डू इट टू," सुलेखा म्हणाली. कित्येक आठवड्यांनी तोंड उघडलं होतं. आवाजात कौतुक नव्हतं, राग होता. "देन व्-व्-व्हाय डिड यू से माय नेम?"

पद्मजाकडे उत्तर होतं. जानेवारीपासून होतं. ती खाली बसली, पोरीच्या डोळ्यांसमोर डोळे आणले. "कारण मला लाज वाटत होती," ती मराठीत म्हणाली. "तुझी नाही, बेटा. मला माझ्या... मला माझ्या प्..."

अडलं. सुलेखा समोर उभी राहिली. तिने कुठे दुसरीकडे पाहिलं नाही, हात धरला नाही. ओठ घट्ट मिटून नुसती बघत राहिली.

कांचनताई मागून आत आल्या, हातात ओला गालिचा पुसायला घेतलेले कागदी रुमाल. त्यांचेही डोळे भरलेले होते, आणि त्यांना बिचारीला मदतच करायची होती. "प्रतापची का गं?" त्या मायेने म्हणाल्या. "नवऱ्याची लाज वाटायची होय तुला?"

सुलेखाने मान वर केली.

"श्-श्-शी इज नॉट डन, काकू."

कांचनताई फ्रिजला टेकून उभ्या राहिल्या. पद्मजाने पुन्हा ओठ मिटले, आणि दोघी तिची वाट बघत थांबल्या.